यादीत नाव नसलेल्यांशी कोण बोलते?

कोलकात्यातील एस्प्लनेडच्या बसतळावर पहाटे उतरणाऱ्या माणसांच्या हातात दोन वस्तू हमखास दिसतात. एक, घरून बांधून आणलेला डबा आणि दुसरी, प्लास्टिकची पारदर्शक फाइल. काकद्वीप, दिघा, बांकुडा, मेदिनीपूर अशा ठिकाणांहून आलेल्या बसगाड्या इथे रिकाम्या होतात आणि ती फाइल छातीशी धरलेली माणसे कुठल्या तरी कचेरीचा पत्ता विचारत गर्दीत मिसळून जातात. २०२४च्या डिसेंबरअखेरीस अशाच एका सकाळी, मातीच्या भांड्यातला चहा घेत असताना, काकद्वीपकडून आलेल्या साठीच्या एका गृहस्थांशी माझे बोलणे झाले.

त्यांच्या मातीच्या घराचे छायाचित्र २०१८ साली घरकुलाच्या सर्वेक्षणात काढले गेले होते. यादीत नाव आले. चार वर्षांनी, २०२२च्या डिसेंबरात, पडताळणी झाली आणि ते नाव गळले. का, हे कोणी सांगितले नाही. गावातली वदंता अशी, की मुलाची जुनी मोटारसायकल आड आली. मासळीच्या पेट्या बाजारात नेण्यासाठी घेतलेली ही मोटारसायकल. वदंता खरी असणे शक्य आहे. ‘प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण’च्या तेव्हाच्या निकषांनुसार घरात दुचाकी असणे हे अपात्रतेचे एक कारण होते. पुढे २०२४ मध्ये केंद्र सरकारने हा निकष शिथिल केला, हे मात्र त्यांच्या गावापर्यंत पोहोचलेले नव्हते. आम्ही बोलत होतो त्याच्या आठ-दहा दिवस आधीच राज्य सरकारने स्वतःच्या ‘बांगलार बाडी’ योजनेतून १२ लाख कुटुंबांना प्रत्येकी ६० हजार रुपयांचा पहिला हप्ता देण्यास सुरुवात केली होती. शेजाऱ्याकडे विटा येऊन पडल्या होत्या. यांच्याकडे फाइल होती.

माझी अपेक्षा होती की ते विचारतील, घर कधी मिळेल? त्यांनी विचारले ते वेगळेच. ‘‘दादा, माझे नाव खोडले हे कुठल्या तरी कागदावर लिहिलेले असेल ना? तो कागद कुठे बघायला मिळतो?’’

पत्रकारितेत तीन दशके काढलेल्या मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

सरकारे आपल्या घरबांधणी धोरणाविषयी जनतेशी कशा बोलतात, हा विषय निघाला की धोरणकर्त्यांच्या वर्तुळात एक ठरावीक वाक्य ऐकू येते: धोरण चांगले आहे, ते लोकांपर्यंत पोहोचवण्यात आपण कमी पडलो. या वाक्यात एक सोय आहे. दोष धोरणातून काढून प्रसिद्धी विभागावर टाकता येतो आणि लोकांचा संशय म्हणजे निव्वळ माहितीचा अभाव, असे मानता येते. मग फलक लागतात, चित्रफिती निघतात, चौकाचौकांत त्रिमितीय प्रतिकृती मांडल्या जातात. पण काकद्वीपच्या त्या गृहस्थांकडे माहिती कमी नव्हती. योजनेचे नाव, रक्कम, हप्ते, शेजारच्या प्रत्येक लाभार्थ्याच्या घराची स्थिती, सगळे त्यांना तोंडपाठ होते. त्यांना न मिळालेली गोष्ट एकच होती: त्यांच्याबाबत घेतलेल्या निर्णयाचे कारण.

हा लेख एस्प्लनेडला उभे राहून लिहिण्याचे आणखी एक प्रयोजन आहे. जुने कोलकातावासी ज्याला आजही धर्मतला म्हणतात तो हा परिसर म्हणजे बंगालमधील सरकार आणि जनता यांच्यातल्या फिसकटलेल्या संवादांचे जणू संग्रहालय आहे. इथल्या ‘मेट्रो चॅनेल’वर डिसेंबर २००६ मध्ये ममता बॅनर्जी यांनी सिंगूरच्या भूसंपादनाविरोधात २६ दिवस उपोषण केले. त्याच वर्षी मे महिन्यात डाव्या आघाडीने २९४ पैकी २३५ जागा जिंकल्या होत्या. एवढ्या बहुमताच्या सरकारला लोकांना काही समजावून सांगावे लागते, हेच बहुधा पटत नव्हते. समजावण्यासाठी एक घोषणा मात्र होती: शेती हा आमचा पाया, उद्योग हे आमचे भवितव्य. घोषणा चुकीची नव्हती. आजही बंगालबाहेरचे अनेक अर्थतज्ज्ञ ती मान्य करतील. प्रश्न असा होता की ज्यांच्या ९९७ एकरांवर ते भवितव्य उभे राहणार होते, त्यांच्या हरकतींचे काय झाले? सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१६ रोजी ते भूसंपादन रद्द केले, तेव्हा मोटारींचा कारखाना हा ‘सार्वजनिक हेतू’ ठरतो की नाही, यावर खंडपीठातील दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. एकमत झाले ते या मुद्द्यावर, की शेतकऱ्यांच्या हरकतींची कायद्याला अपेक्षित असलेली चौकशी झालीच नाही. म्हणजे दहा वर्षांच्या संघर्षानंतर निर्णय फिरला तो ‘ऐकून घेतले नाही’ या कारणावर. तोवर कारखाना गुजरातेत साणंदला जाऊन आठ वर्षे होत आली होती.

नंदीग्रामची कथा तर एका नोटिशीपासूनच सुरू होते. जानेवारी २००७च्या आरंभी हल्दिया विकास प्राधिकरणाच्या नोटिशीत कोणकोणत्या गावांची जमीन जाणार, हे लोकांनी वाचले आणि रस्ते खणायला सुरुवात केली. ती नोटीस फाडून टाका, असे खुद्द मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांना सांगावे लागले. पण नोटीस लावणारेही सरकार आणि फाडायला सांगणारेही सरकार, तर मानायचे कोणते? १४ मार्च २००७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १४ माणसे मेली. हे दोन्ही प्रसंग कारखान्यांचे आहेत, घरांचे नाहीत, हे मी जाणतो. तरीही बंगालमध्ये त्यानंतर आलेल्या प्रत्येक निवारा योजनेने, प्रत्येक सर्वेक्षणाने, हातात टेप घेऊन दारात आलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याने या स्मृतीचा वारसा निमूट उचलला आहे.

नोटीस या प्रकाराशी माझी स्वतःची ओळख त्याच्याही आधीची. मी सातवीत असताना उत्तर कोलकात्यातल्या आमच्या आजोळच्या भिंतीवर एका कचेरीने रस्तारुंदीची नोटीस चिकटवली. मजकूर इंग्रजीत होता. घरात त्या वेळी इंग्रजी वाचू शकणारा मीच. दिदिमाने, म्हणजे आईच्या आईने, मला स्टुलावर उभे करून ती वाचायला लावली. तीस दिवसांच्या आत हरकत नोंदवावी, असे त्यात म्हटले होते. खाली जी तारीख होती तिला पाच आठवडे उलटून गेले होते. रस्ता पुढे कधीच रुंद झाला नाही. पण नोटीस रद्द झाली असे सांगायलाही कोणी आले नाही. दिदिमाने तो कागद सोडवून घेतला आणि आपल्या लोखंडी ट्रंकेत ठेवला. रस्त्याकडच्या भिंतीचा गिलावा पडत राहिला. पाडायचीच आहे तर कशाला पैसे घाला, असे ती दरवर्षी पूजेच्या आधी म्हणायची. एकोणीस वर्षे म्हणाली. सरकारी कागदाचे आयुष्य सरकारच्या दृष्टीने फाइल बंद होईपर्यंत असते. ज्याच्या भिंतीवर तो लागतो, त्याच्या घरात तो पिढीभर राहतो. तिच्या मृत्यूनंतर ट्रंक उघडली तेव्हा दागिन्यांच्या डबीखाली तो होता.

अशा घरात वाढलेल्या माणसाला सरकारी आश्वासनाविषयी शंका येत असेल, तर ती अज्ञानातून आलेली आहे, असे मी कसे मानू?

नोटिशीनंतर यादी. घरबांधणीच्या राजकारणात यादी हेच सरकारचे खरे वक्तव्य असते, भाषण नव्हे. २० मे २०२० रोजी ‘अम्फन’ वादळाने दक्षिण बंगालमधील घरांची धूळधाण केली. घर पूर्ण पडलेल्यांना २० हजार रुपये देण्याचा निर्णय राज्य सरकारने झपाट्याने घेतला, त्याबद्दल सरकारला श्रेय द्यायला हवे. पण महिनाभरात ओरड सुरू झाली, की पंचायतीतल्या पुढाऱ्यांची आणि त्यांच्या नातलगांची नावे यादीत आहेत, छप्पर उडालेल्यांची नाहीत. नव्याने याद्या करण्याचे आदेश निघाले. काहींनी पैसे परत केले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि महालेखापरीक्षकांकरवी तपासणीचा आदेश झाला. या सगळ्यात एक बारीक गोष्ट नजरेआड राहिली. गावोगावी संताप उफाळला तो यादी उघड झाल्यावर. आणि थोडीफार दुरुस्ती झाली तीही यादी उघड झाल्यामुळेच. प्रशासनाने यातून धडा घेतला असेल, तर तो बहुधा उलटा घेतला: यादी जितकी कमी लोकांना दिसेल तितका गदारोळ कमी.

२०२२च्या अखेरीस आवास योजनेच्या पडताळणीत काय झाले, हे त्या पार्श्वभूमीवर पाहावे. नावाचा वाद आधीच झाला होता. केंद्राची योजना राज्यात ‘बांगला आवास योजना’ या नावाने राबवली जात असल्याबद्दल आणि गैरव्यवहाराच्या तक्रारींबद्दल केंद्राने निधी अडवला होता. राज्याने मूळ नाव परत लावल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ लाखांहून अधिक घरांना मंजुरी मिळाली. अट अशी की यादीची काटेकोर पडताळणी अल्पावधीत करावी. हे काम कोणाच्या माथी आले? अंगणवाडी आणि आशा कार्यकर्त्यांच्या. बालकांचे वजन करणाऱ्या, गरोदर स्त्रियांना दवाखान्यात नेणाऱ्या या बायकांच्या हाती प्रश्नावली देऊन सांगण्यात आले, घरोघर जा आणि कोण पात्र, कोण अपात्र ते लिहून आणा.

या निर्णयाचा विचार करताना मला आजही चीड येते. सरकारजवळ गावात विश्वासाचे जे थोडेसे भांडवल शिल्लक होते, ते या कार्यकर्त्यांच्या रूपाने होते. लोक त्यांना दार उघडत, कारण त्या काही तरी देण्यासाठी येत. आता त्या काढून घेण्यासाठी येऊ लागल्या. ज्यांच्या शेजारी त्यांना उरलेले आयुष्य काढायचे, त्यांचेच नाव खोडायचे, आणि तेही गावातल्या दांडग्यांच्या नजरेसमोर. अनेक जिल्ह्यांतून धमक्यांच्या तक्रारी आल्या. कित्येक ठिकाणी कार्यकर्त्यांनी हे काम करण्यास नकार देत निदर्शने केली. अप्रिय निर्णय कळवण्याचे काम मंत्र्याने करावे, जिल्हाधिकाऱ्याने करावे, निदान गटविकास अधिकाऱ्याने करावे. ते तुटपुंज्या मानधनावरच्या बाईवर सोपवणे, याला संवादातली त्रुटी म्हणत नाहीत. मराठीत यासाठी ‘दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक’ असा वाक्प्रचार असल्याचे या लेखाच्या अनुवादकाने मला सांगितले. इथे खांदाही गरिबाचा आणि समोरचाही गरीब.

एवढे करून निधी आलाच नाही. केंद्रीय पथके जानेवारी २०२३ मध्ये येऊन पाहणी करून गेली, पत्रव्यवहार झाला, आरोप-प्रत्यारोप झाले. मग संवादाची जागा धरण्यांनी घेतली. मार्च २०२३च्या अखेरीस मुख्यमंत्री स्वतः रेड रोडवर आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ केंद्राकडील थकबाकीसाठी दोन दिवस धरणे धरून बसल्या. ऑक्टोबरात त्यांच्या पक्षाने आधी दिल्लीत आंदोलन केले आणि नंतर राजभवनाबाहेर ठिय्या दिला. ही दोन्ही ठिकाणे एस्प्लनेडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. विरोधी पक्षात असताना जे हत्यार वापरले तेच सत्तेत आल्यावरही वापरण्याचे कसब भारतीय राजकारणात दुर्मीळ आहे, हे मान्य करतो. पण सरकारच धरण्याला बसले, तर नागरिकाने कोणाच्या दारात बसायचे? दिल्ली म्हणत होती, राज्याने यादीत घोळ केला. राज्य म्हणत होते, दिल्लीने पैसे अडवले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते आणि दोघांचेही ध्वनिक्षेपक मोठे होते. मासळीच्या पेट्या वाहणाऱ्या मोटारसायकलीविषयी दोघांपैकी कोणीच बोलत नव्हते.

घरावर नाव कोणाचे, हा वाद निव्वळ बंगालचा नाही. ‘लाइफ मिशन’च्या घरांवर केंद्रीय योजनेचे बोधचिन्ह लावण्यास केरळ सरकारनेही विरोध केला; घर हे सरकारी उपकाराचे जाहिरात-फलक झाले तर राहणाऱ्याच्या प्रतिष्ठेला बाधा येते, असा त्यांचा युक्तिवाद. युक्तिवाद मला पटतो. फक्त तो करणारी राज्ये आपल्या मुख्यमंत्र्यांची छायाचित्रे उतरवतील तेव्हा अधिक पटेल.

आता मुंबईकडे वळतो. मराठी वाचकांना तिथला तपशील माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. धारावीच्या पुनर्विकासासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली सर्वोच्च ठरली आणि मार्च २०२४ मध्ये घरोघरचे सर्वेक्षण सुरू झाले. जाहीर सभांमधून सांगितले गेले, की सर्वांना घर मिळेल. शब्दशः पाहता हे असत्य नाही. मात्र १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील पात्र रहिवाशाला मिळणारे धारावीतलेच ३५० चौरस फुटांचे मोफत घर आणि त्यानंतर आलेल्याला किंवा वरच्या माळ्यावर राहणाऱ्याला धारावीबाहेर, पैसे मोजून किंवा भाड्याने मिळू शकणारे घर, या दोहोंना एकच ‘घर’ हा शब्द लावला, की ऐकणाऱ्याचा घोटाळा होणारच. धारावीत माळ्यावरचा माणूस म्हणजे अपवाद नव्हे, जवळजवळ प्रत्येक गल्लीतला तो शेजारी आहे. त्यात पुनर्वसनासाठी मुलुंड-कांजूर-भांडुपची मिठागरे आणि देवनारच्या कचराभूमीचा काही भाग अशी नावे एकामागून एक वर्तमानपत्रांतून कळत गेली. प्रकल्प बरा की वाईट, हा वाद मी इथे घालत नाही. दाटीत, गटारावर, एका शौचालयापाशी रांग लावून राहणाऱ्यांना चांगले घर मिळायला हवे, याबद्दल दुमत असण्याचे कारणच नाही. पण कोण जाणार आणि कुठे जाणार, हे सरकारने पहिल्या दिवशी स्वतःच्या तोंडाने सांगितले असते, तर सर्वेक्षण करणाऱ्यांना गल्लीच्या तोंडाशी प्रश्नांची सरबत्ती झेलावी लागली नसती.

गिरणी कामगारांच्या बाबतीत तर शासनाने सांगितले, पण कसे? १९८२च्या संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांना शेलू आणि वांगणी इथे घरे देऊ करणाऱ्या १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयात १७वे कलम होते. देऊ केलेले घर नाकारले, तर घरावरचा हक्कच संपेल, असा त्याचा आशय. चाळीस वर्षे लालबाग-परळच्या आसपास हक्काच्या घराची वाट पाहणाऱ्या वृद्धाला सरकार मुंबईबाहेर जा म्हणते आणि त्याच कागदाच्या तळाशी धमकी जोडते. ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानात जमलेल्या कामगारांच्या व वारसांच्या मागण्यांत हे कलम रद्द करा ही मागणी अग्रभागी होती, यात नवल नाही. सगळा शासन निर्णय कोणी वाचत नाही, असे मंत्रालयात गृहीत धरले जात असावे. ज्यांचे घर त्यात असते ते सगळा वाचतात. दुसऱ्याकडून वाचून घेतात.

आणि गंमत अशी की ऐकून घेण्याचे महत्त्व या देशाच्या कायद्यात अगोदरच लिहिलेले आहे, आणि ते लिहिणारे सरन्यायाधीश मराठी होते. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुंबईतील पदपथवासीयांना हुसकावण्याचा निर्णय अंतुले सरकारने घेतला. त्यातून उभ्या राहिलेल्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल १० जुलै १९८५ रोजी य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, एवढेच त्या निकालातले सगळ्यांना आठवते. त्यातला दुसरा भाग मला तितकाच मोलाचा वाटतो. महापालिका म्हणत होती, की कायदा आम्हाला नोटिशीविना अतिक्रमण हटवू देतो. आणि हे तर उघड अतिक्रमण, त्यांना ऐकून काय उपयोग? न्यायालयाने म्हटले, की ऐकून घेण्याला त्याच्या परिणामापलीकडेही मोल आहे. ज्याच्याविरुद्ध निर्णय होतो त्याला का, हे सांगितले जाणे आणि त्याने त्यावर बोलू शकणे, हा त्याला माणूस म्हणून वागवण्याचाच भाग आहे. पदपथवासी तो खटला तसे पाहता हरलेच, झोपड्या हटल्या. पण पावसाळा संपेपर्यंत त्यांना मुदत मिळाली. चाळीस वर्षे विधी महाविद्यालयांत शिकवला जाणारा हा विचार आपल्या घरबांधणी खात्यांत अजून रुजू झालेला नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सरकारने सगळे खरे सांगितले, की विरोधक त्याचे भांडवल करतात. कोण वगळला जाणार हे आधी सांगा, म्हणजे पहिल्याच आठवड्यात प्रकल्प बंद पडेल. एस्प्लनेडला दर काही महिन्यांनी उभा राहणारा मंडप पाहिला, की ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. संशय हा काही आपोआप उगवत नाही. त्याला खतपाणी घालणारे असतात, आणि उद्या सत्तेत येऊन तेही तेच करणार असतात. माझे उत्तर एवढेच, की लपवल्याने विरोध टळत नाही, तो फक्त बांधकामाच्या टप्प्यावर येतो. तेव्हा तो महागात पडतो. सिंगूरमध्ये कारखान्याचे बरेचसे बांधकाम उभे राहिल्यावर सगळे गुंडाळावे लागले.

याच शहरात वेगळेही घडले आहे, आणि ते कुठल्याही प्रसिद्धी मोहिमेविना. १९५८ साली कोलकात्यातील वस्त्या हटवून पुनर्वसन करण्याचा कायदा झाला. वस्त्या हटल्या नाहीत. १९६६च्या मूलभूत विकास आराखड्याने हेका सोडून सांगितले, की निर्मूलनाचा नाद तूर्त पुरे, आधी पाणी, शौचालये, फरसबंदी आणि दिवे द्या. १९७० मध्ये स्थापन झालेल्या महानगर विकास प्राधिकरणाने पुढील दशकात हे काम वस्त्यावस्त्यांतून केले. मी त्या काळातल्या वस्तीत राहणाऱ्या कित्येकांशी बोललो आहे. सरकार काय म्हणत होते ते कोणाला आठवत नाही. नळ कोणत्या वर्षी आला ते सगळ्यांना आठवते. आपल्याला इथून काढणार नाहीत, हे त्यांना नळाने सांगितले.

तरीही या कथेला मी पुरते सोनेरी रंगवणार नाही. १९८१च्या ठिका भाडेकरार कायद्याने वस्त्यांखालची जमीन सरकारजमा केली आणि झोपड्यांचे मालक, म्हणजे ठिका भाडेकरू, थेट सरकारचे भाडेकरू झाले. मोठे पाऊल होते. मात्र त्या झोपड्यांतील खोल्यांत प्रत्यक्ष राहणारे, ज्यांना इथे ‘भाडाटिया’ म्हणतात, त्यांची अवस्था फारशी बदलली नाही आणि त्यांच्याशी कोणी बोललेही नाही. धारावीच्या माळ्यावरचा माणूस आणि कोलकात्याच्या वस्तीतला भाडाटिया एकमेकांना भेटले, तर त्यांना दुभाष्याची गरज पडणार नाही.

एस्प्लनेडच्याच जमिनीखालून सियालदहकडे जाणाऱ्या मेट्रोचा बोगदा खणताना ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बहूबाजारच्या दुर्गा पिठुरी लेन आणि स्याकरापाडा लेन भागातील जुनी घरे खचली. शेकडो लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी हॉटेलांत हलवावे लागले. कुटुंबामागे पाच लाखांची भरपाई जाहीर झाली. २०२२ मध्ये दोनदा पुन्हा तडे गेले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी हा मार्ग थाटात सुरू झाला, आणि आता चार-पाच मिनिटांत सियालदह गाठता येते. अनेक कुटुंबे तोवर आपल्या गल्लीत परतलेली नव्हती. एस्प्लनेड स्थानकातले फलक फार देखणे आहेत. मार्ग कसा बांधला, किती खोल आहे, सगळे मोठ्या अक्षरांत सांगितलेले. उजेडही भरपूर.

मी काही फार मोठी सुधारणा मागत नाही. घरकुलाच्या यादीतून वगळलेल्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत एक पानाचे पत्र मिळावे: तुमचे नाव अमुक निकषामुळे वगळले आहे, निर्णय अमुक पदावरील अधिकाऱ्याचा आहे, त्याविरुद्ध अमुक तारखेपर्यंत अमुक ठिकाणी दाद मागता येईल, आणि निकष बदलल्यास आम्ही पुन्हा कळवू. तारीख पत्र पोहोचल्याच्या दिवसापासून मोजावी, छापल्याच्या दिवसापासून नव्हे. वगळलेल्यांची यादी लाभार्थ्यांच्या यादीशेजारीच, कारणांसह, पंचायतीच्या भिंतीवर लागावी. यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही. घराचे छायाचित्र अक्षांश-रेखांशांसह दिल्लीला पोहोचवणारी यंत्रणा आहेच, ती उलट दिशेने चालवायची. अडचण तांत्रिक नाही, हे मला आणि तुम्हाला दोघांनाही ठाऊक आहे. कारण लिहून दिले, की त्यावर सही करावी लागते.

त्या सकाळी त्या गृहस्थांना मी एवढेच सुचवू शकलो, की माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यांनी फाइल उघडून दाखवली. अर्ज आधीच केलेला होता, पोचपावतीसह, आणि त्याला आलेले उत्तरही होते. उत्तरात म्हटले होते, की मागितलेली माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे. त्या कागदाची त्यांनी दोन छायाप्रती काढून ठेवल्या होत्या. मला एक हवी का, असे त्यांनी विचारले.